गाडी किती देते?

'मोटार घेताना शहाणपणानं निर्णय कसा करावा, यावर बोला,' असा निरोप आकाशवाणीवरून आला तेव्हा मी जरा संकोचलो. मी काही मोटारीतला जाणकार नाही. १९८१ ते २०१९ अशी अडतीस वर्षं मी बँकेत नोकरी केली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. मोटारीच्या बॉनेटखाली काय असतं यापेक्षा मोटारीच्या कर्जाच्या कागदात काय दडलेलं असतं, हे मला जास्त कळतं. पण विचार करताना लक्षात आलं, की आमच्या घरात तीन पिढ्यांची गाडीखरेदी मी जवळून पाहिली आहे. वडिलांची, माझी आणि आता मुलीची. प्रत्येक वेळी आम्ही फार शहाणपणानं वागतोय, अशी आमची खात्री होती. त्यातल्या एका शहाणपणाची किंमत घरातल्या माणसाला मोजावी लागली. ती गोष्ट सांगायची तर आधी थोडा इतिहास सांगायला हवा.

आमचे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, साताऱ्यात डॉक्टर होते. आजूबाजूच्या गावांतून रात्री-अपरात्री बोलावणी यायची. त्यांनी १९६५ मध्ये फियाट गाडीसाठी नाव नोंदवलं. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. गाडी दारात आली १९७१ मध्ये. तोवर मी सातवीत पोहोचलो होतो. नोंदणीची पावती आप्पांनी लोखंडी कपाटात, घराच्या खरेदीखताशेजारी ठेवली होती. आजच्या मुलांना हे सांगितलं तर त्यांना ती अतिशयोक्ती वाटते. पण त्या काळात मोटारीसाठी पाच-सहा वर्षं थांबणं ही काही बातमी नव्हती.

असं का झालं? आपल्याकडे मोटारी स्वातंत्र्याच्या आधीपासून जोडल्या जात होत्या. अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला होता. फोर्डही इथं होती. परदेशातून सुटे भाग पेट्यांत भरून यायचे आणि इथं गाडी उभी राहायची. गाडी इथंच बनवायची, हे स्वप्न ज्यांनी पाहिलं त्यांत आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स त्याआधी दोन वर्षं, १९४२ मध्ये निघाली होती. पुढे १९५३ मध्ये सरकारनं टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून धोरण ठरवलं, की ज्यांना भारतात टप्प्याटप्प्यानं भाग बनवायचे असतील त्यांनीच राहावं, नुसती जोडणी चालणार नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. उरल्या त्यांत सर्वसामान्य माणसाच्या नजरेत भरणाऱ्या गाड्या तीन. कुर्ल्याची फियाट, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड.

धोरणामागचा हेतू समजण्यासारखा होता. परकीय चलन तुटपुंजं होतं आणि मोटार ही चैन मानली जात होती. कारखान्यांनी किती गाड्या काढायच्या, हेही परवान्यावर ठरत होतं. परिणाम असा झाला, की १९८० च्या सुमारासदेखील सगळ्या देशात मिळून वर्षाला पन्नास हजारांच्या आतच मोटारी तयार होत. मागणी त्याच्या कितीतरी पट. किमतीवर सरकारचं नियंत्रण होतं आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारीची वाजवी किंमत किती असावी, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फियाट, अँबॅसडर आणि स्टँडर्ड हेरल्ड या तिन्ही गाड्यांच्या उत्पादनखर्चाचा हिशेब देशाच्या सर्वोच्च न्यायमूर्तींपुढे मांडला गेला. कंपन्या म्हणत होत्या, एवढ्या किमतीत परवडत नाही. सरकार म्हणत होतं, यापेक्षा जास्त घेऊ देणार नाही. रांगेतल्या माणसाला मात्र या सगळ्यात एकच प्रश्न होता, गाडी मिळणार कधी?

अशा बाजारात गिऱ्हाइकाला निवड करायची नसते, थांबायचं असतं. ज्याला थांबवत नसे तो 'ऑन' देऊन घेत असे. म्हणजे ज्याचा नंबर लागला त्याला वरचे पैसे मोजून गाडी त्याच्याकडून घ्यायची. जुन्या फियाटीचा भाव कंपनीच्या नव्या गाडीच्या ठरलेल्या किमतीहून चढा असायचा.

आप्पांनी १९६७ साली असाच एक प्रयत्न केला होता. कराडच्या एका व्यापाऱ्याची फियाट विकायची होती. रंग असा झळझळीत, की आम्ही मुलं त्यात तोंड बघत होतो. आप्पा सोबत आमच्या गावचे गॅरेजवाले मिस्त्री घेऊन गेले. मिस्त्रींनी आधी बॉनेटवर हात ठेवला. इंजिन गरम होतं. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आपण उद्या सकाळी येऊ. आज यांनी गाडी आधीच तापवून ठेवलीय." दुसऱ्या दिवशी गार इंजिन चालू केलं तेव्हा मागून निळा धूर निघाला. ऑइल जळत होतं, रिंगा गेल्या होत्या. मग मिस्त्रींनी खिशातून एक लोहचुंबक काढला आणि पत्र्यावरून फिरवला. दाराच्या खालच्या अंगाला तो चिकटेचना. तिथं पत्रा कुजला होता आणि पुट्टी भरून वरून रंग दिला होता. पुढचे दोन्ही टायर एकाच कडेनं झिजले होते. येताना मिस्त्री म्हणाले, "ही गाडी नाही साहेब, रंगवलेलं दुखणं आहे. तुम्ही डॉक्टर, तुम्हाला काय सांगायचं!"

गंमत अशी, की मिस्त्रींना जे ठाऊक होतं त्यावर पुढे नोबेल पारितोषिक मिळालं. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. अमेरिकेत दोष लपवून गळ्यात मारलेल्या मोटारीला 'लेमन', म्हणजे लिंबू म्हणतात. आपण नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतो, तिथं गाडीलाच लिंबू म्हणतात! अकेरलॉफचं म्हणणं थोडक्यात असं. विकणाऱ्याला गाडीचा दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना संशयानं कमी भाव देतो. मग ज्यांच्या गाड्या खरोखर चांगल्या आहेत ते बाजारातून निघून जातात आणि उरतात ती लिंबं. हेच अकेरलॉफ १९६७-६८ मध्ये एक वर्ष भारतात राहून गेले होते आणि त्या निबंधात भारतातल्या सावकारी कर्जाचंही उदाहरण आहे. त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. मिस्त्रींच्या लोहचुंबकाचा हिशेब तोच होता. जे विकणाऱ्याला माहीत आहे, ते आपल्यालाही माहीत झालं पाहिजे. आजही जुनी गाडी घेताना गार इंजिनावर चालू करून बघा, आपल्या विश्वासातला मेकॅनिक सोबत न्या, सर्व्हिसच्या नोंदी मागा, आरसी बुकावर बँकेचा बोजा शिल्लक आहे का ते तपासा आणि चासी नंबर स्वतः ताडून पाहा. यात नवीन काही नाही, पण लोक रंग बघून भुलतात, हेही जुनंच आहे.

तर १९७१ मध्ये आमची फियाट आली. मोतिया रंगाची. रंग कोणता हवा, हे कुणी विचारलंच नव्हतं. स्टिअरिंगजवळ गिअर, पुढं सलग एकच सीट. त्या सीटवर आप्पा, आई आणि मधे मी असे बसून आम्ही महाबळेश्वरला जात असू. गाडीला सीटचे पट्टे नव्हतेच. अकरा वर्षं वापरून आप्पांनी ती १९८२ मध्ये विकली आणि घेतली होती त्याहून जास्त पैसे आले. घरात सगळ्यांच्या मनावर एक धडा कोरला गेला. मोटार म्हणजे सोनं, विकताना किती येतील ते बघून घ्यायची. टंचाईच्या दिवसांत तो धडा खराही होता.

पुढच्याच वर्षी चित्र पालटायला लागलं. सरकारच्या मारुती उद्योगानं १९८२ च्या ऑक्टोबरात जपानच्या सुझुकीशी करार केला होता. मारुतीसाठी दहा हजार रुपये भरून नाव नोंदवायचं होतं आणि पाहता पाहता लाखाहून जास्त लोकांनी ते भरले. क्रम सोडतीनं ठरला. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना दिली. किंमत होती साडेसत्तेचाळीस हजार. आमच्या मिस्त्रींनी ती गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा दारावर बोट वाजवून म्हणाले, "डबा आहे." पण तो डबा सकाळी एका किल्लीत चालू व्हायचा, घाटात तापायचा नाही आणि एका लिटरमध्ये फियाटच्या कितीतरी पुढे जायचा. इथून मध्यमवर्गाच्या तोंडी तो प्रश्न आला, जो आपण आजही लग्नात, कार्यालयात, पेट्रोलपंपावर विचारतो. "गाडी किती देते?" पहिल्या पिढीचा प्रश्न होता 'कधी मिळेल?' आता प्रश्न झाला 'किती देते?'

मोटार उद्योगावरची परवाना पद्धत १९९३ मध्ये उठली आणि बघता बघता शोरूमच्या रांगा लागल्या. १९९८ मध्ये सँट्रो आली, मॅटिझ आली आणि त्या वर्षाच्या अखेरीस पुण्याच्या टाटा कारखान्याची इंडिका आली. रांगेत उभं राहणारं गिऱ्हाईक आता राजा झालं होतं. पण राजाला सवय होती रांगेची! १९९० च्या दशकाच्या मध्याला काही नव्या गाड्यांसाठी लोकांनी जुन्या सवयीनं धडाधड अनामत रकमा भरल्या. गाडी पाहिलेली नाही, चालवलेली नाही, कारखाना नीट सुरू झालेला नाही, तरी पैसे भरून मोकळे. पुढे कुठे कामगारांचा संप, कुठे भागीदारांचं बिनसलेलं. अनेकांना गाडी मिळालीच नाही आणि अनामत परत मिळवण्यासाठी खेटे घालावे लागले.

दुसरा धडा मॅटिझनं दिला. गाडी चांगली होती, घेणारे खूश होते. पण तिची मूळची कोरियन कंपनी देवू २००० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि काही वर्षांत इथला कारखाना बंद पडला. गाड्या धडधाकट आणि सुटे भाग मिळेनात. स्वातंत्र्यानंतर निघून गेलेली जनरल मोटर्स पुन्हा आली, तळेगावला कारखाना काढला आणि २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवून पुन्हा गेली. फोर्डनंही २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. गाडी आपण एका दिवशी घेतो, पण कंपनीशी संबंध दहा-पंधरा वर्षांचा असतो. म्हणून आपल्या गावात, निदान तालुक्याच्या ठिकाणी तिचं सर्व्हिस सेंटर आहे का, क्लच प्लेट आणि हेडलाइट किती दिवसांत मिळतो, हे त्या गाडीच्या दोन जुन्या मालकांना विचारावं. शोरूममधला माणूस चहा देतो, सुट्या भागांची खबर जुने मालक देतात.

याच काळात मी कर्जाच्या टेबलावर बसत होतो. एकदा एक शिक्षक माझ्याकडे आले. एका फायनान्स कंपनीच्या एजंटानं त्यांना आठ टक्क्यांनी कर्ज देऊ केलं होतं. आमच्या बँकेचा दर त्याहून जास्त होता. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही महाग का?" मी त्यांच्यासमोर कागद ओढला. तीन लाख कर्ज, पाच वर्षं. एजंटाचे आठ टक्के म्हणजे वर्षाला चोवीस हजार, पाच वर्षांचे एक लाख वीस हजार. एकूण चार लाख वीस हजार, म्हणजे महिन्याला सात हजारांचा हप्ता. वरवर हिशेब चोख. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत जातो. चौथ्या वर्षी आपल्याकडे तीन लाख राहिलेलेच नसतात, तरी व्याज पूर्ण तीन लाखांवर चाललेलं असतं. याला फ्लॅट दर म्हणतात. उरलेल्या रकमेवर, म्हणजे घटत्या शिलकीवर व्याज मोजलं तर तोच सात हजारांचा हप्ता सुमारे चौदा टक्क्यांचा निघतो. शिक्षक बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. गणित शिकवणारे होते.

माझं सांगणं एवढंच. गाडीची किंमत विचारताना एक्स-शोरूम नको, नोंदणी, कर, विमा धरून रस्त्यावर येईपर्यंतची किंमत विचारा. कर्जाचा दर विचारताना तो फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर, ते विचारा. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असं बंधन नाही, बाहेर भाव काढा. पाडव्याचा किंवा दसऱ्याचा मुहूर्त साधायचा तर बोलणी महिनाभर आधी संपवा. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी घासाघीस करणाऱ्याला निघून जायची सोय नसते आणि ते समोरच्याला ठाऊक असतं. डिसेंबरात सवलत मिळते ती उगाच नसते. विकायला काढाल तेव्हा बाजार गाडीचं वर्ष बघतो आणि डिसेंबरातली गाडी जानेवारीत कागदोपत्री एक वर्षानं जुनी होते. दहा-बारा वर्षं वापरणार असाल तर ती सवलत खुशाल घ्या.

'किती देते' या प्रश्नानंही लोकांना कसं फसवलं ते सांगतो. २०१० मध्ये पेट्रोलचे दर खुले झाले आणि डिझेल मात्र सरकारी आधारानं स्वस्त राहिलं. जो तो डिझेल गाडी मागू लागला. समजा, पेट्रोल ७० रुपये, डिझेल ४५ रुपये. पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर देते, डिझेल २०. म्हणजे किलोमीटरमागे साधारण दोन रुपये चाळीस पैसे वाचतात. पण डिझेल गाडी समजा लाख रुपयांनी महाग आहे. ते लाख वसूल व्हायला चाळीस हजार किलोमीटरच्या वर चालवावी लागेल. रोज कोल्हापूर-पुणे करणाऱ्याला ते सहज जमतं. ज्यांची गाडी रविवारी देवाला आणि महिन्यातून एकदा माहेरी जाते, त्यांना पाच-सहा वर्षं लागतात. अशा कितीतरी रविवारच्या गाड्यांना मी डिझेलसाठी कर्ज दिलं. मग २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचेही दर खुले झाले, दोन्हींमधली दरी आटली आणि हिशेब कोलमडला. आज विजेच्या गाडीबद्दल लोक विचारतात तेव्हा मी हाच कागद पुढे करतो. रोजचं धावणं किती, रात्री घरी चार्ज करायची सोय आहे का आणि बॅटरीची हमी किती वर्षांची. उत्तरं घरागणिक वेगळी येतात.

आता माझी गोष्ट. मी २००४ मध्ये छोटी गाडी घेतली. बँकेतला माणूस, त्यामुळे महिनाभर तक्ते मांडले. किती देते, सर्व्हिसचा खर्च, पाच वर्षांनी विकताना किती येतील. आप्पांचे आणि माझ्या काळाचे असे दोन्ही प्रश्न मी चोख विचारले. घासाघीस करून म्युझिक सिस्टिम आणि सीट कव्हर फुकट पदरात पाडून घेतली. कव्हर बसवणाऱ्या मुलानं मागच्या सीटचे पट्टे फटीत दाबून वर घट्ट कव्हर ओढलं. मी शेजारी उभा होतो. मला ते नीटनेटकं वाटलं.

२००६ च्या मे महिन्यात आम्ही साताऱ्याहून पुण्याला चाललो होतो. मुलगी चौदा वर्षांची, हट्ट करून पुढं बसलेली. पुढच्या पट्ट्यांसाठी पोलीस अडवत, म्हणून आम्ही दोघांनी ते लावले होते. बायको मागं बसली होती. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर उतारावरच्या वळणात पुढचा ट्रक अचानक मंदावला. मी ब्रेक दाबला, पण गाडी ट्रकच्या मागच्या अंगावर आदळलीच. वेग काही फार नव्हता. मला आणि मुलीला खरचटलं. बायको मागून माझ्या सीटवर येऊन आपटली आणि तिचा खांदा मोडला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. आजही तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळ्या तेव्हापासून रिकाम्या आहेत.

तिनं मला कधी बोल लावला नाही. पण गॅरेजात गाडी पाहायला गेलो तेव्हा फाटलेल्या कव्हरातून मागच्या पट्ट्याचं लाल बटण दिसत होतं. पट्टा गाडीत होता. मी त्याचे पैसे भरले होते आणि वर कव्हर घालून तो झाकला होता.

नंतर मी या विषयावर वाचत गेलो. तीन ठिकाणी अडकवायचा आजचा पट्टा व्होल्वो कंपनीच्या निल्स बोहलिन या इंजिनिअरनं १९५९ मध्ये बनवला आणि कंपनीनं त्याचं पेटंट इतरांना वापरायला खुलं ठेवलं. अमेरिकेत राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये पुस्तक लिहून मोटार कंपन्यांना जाब विचारला, की अपघात झाल्यावर माणूस का मरतो, याचा विचार गाडी बनवतानाच का करत नाही? १९६५! त्याच वर्षी आप्पांनी फियाटसाठी नाव नोंदवलं होतं. तिकडे लोक विचारत होते, गाडी वाचवेल का? आम्ही विचारत होतो, गाडी मिळेल का?

पुढे आमच्याकडे गाडी सहज मिळू लागली, तरी तो प्रश्न काही आला नाही. नॅनोचंच बघा. पावसात स्कूटरवर चौघांचं कुटुंब जाताना पाहून, यांना सुरक्षित वाहन मिळायला हवं असं वाटलं, अशी त्या कल्पनेची जन्मकथा रतन टाटांनी सांगितली होती. २००९ मध्ये ती बाजारात आली तेव्हा आपण सगळे बोलत होतो ते फक्त लाख रुपयांबद्दल. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटर वेगानं अडथळ्यावर आदळवून पाहिल्या. मोठ्या माणसाच्या बचावासाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांतल्याच एका गाडीला एअरबॅगसह पुन्हा तपासलं तेव्हा चार तारे मिळाले. ही बातमी वाचली त्या दिवशी मी जेवलो नाही.

त्यानंतर मात्र गोष्टी हलल्या. २०१८ च्या डिसेंबरात टाटांची नेक्सॉन ही पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस आणि चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, पुढे शेजारच्या सीटसाठीही झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप ही चाचणीची पद्धत सुरू झाली. ती कंपन्यांना ऐच्छिक आहे. म्हणून गिऱ्हाइकानं विचारणं भाग आहे. या गाडीची चाचणी झाली आहे का? मोठ्यांसाठी किती तारे आणि मुलांसाठी किती? दोन्हींचे तारे वेगळे असतात. मी घेतोय त्या आवृत्तीत तेवढ्याच एअरबॅग आहेत का, घसरताना गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा आहे का? आणि लक्षात ठेवा, एअरबॅग ही पट्ट्याची मदतनीस आहे. पट्टा न लावता तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलीनं गाडी घेतली. फोनवर मी सवयीनं पहिला प्रश्न विचारला, "किती देते?" ती म्हणाली, "बाबा, तुमचा तक्ता मला पाठवा, मी भरते. पण वर एक रकाना मी वाढवलाय." पहिला रकाना होता ताऱ्यांचा. त्यात जी गाडी बसली नाही, तिचे पुढचे रकाने तिनं कोरेच ठेवले होते. बाकी हिशेब तिनं माझ्यापेक्षा कडक केला. घटत्या शिलकीवरचं व्याज, बाहेरून काढलेला विमा, सर्व्हिस सेंटरचं अंतर, सगळं होतं. सीट कव्हर फुकट देत होते, ते तिनं घेतलं नाही.

गाडी घेऊन ती साताऱ्याला आली. आम्ही अजिंक्यताऱ्याकडे चक्कर मारायला निघालो. बायको नेहमीसारखी मागं बसली. तिला उजव्या हातानं वरचा पट्टा ओढता येत नाही, म्हणून मी मागं वळून तो ओढून दिला. बकल तिनंच अडकवलं, आणि म्हणाली, "हं, आता चला."